जानेवारीत जमलेलं ओव्हरक्लॉकिंग एप्रिलमध्ये का बिघडलं?

पत्र ओव्हरक्लॉकिंगबद्दल, म्हणजे चिप कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर पळवण्याबद्दल आहे:

"काका, नमस्कार. मी परभणीजवळच्या एका गावात राहतो. लग्नाच्या व्हिडिओचं शूटिंग अन् एडिटिंग करतो, रात्री मोकळा झालो की थोडं गेमिंग. माझ्याकडं इंटेलचा आय-फाइव्ह १२६००के प्रोसेसर आहे, झेड-६९० मदरबोर्ड, वर एका पंख्याचा टॉवर कूलर. जानेवारीत सगळे पी-कोर (चिपमधले मोठे, वेगवान कोर) ५.१ गिगाहर्ट्झवर नेले, व्होल्टेज १.३६ दिलं. तवा रात्रीच्या एक्स्पोर्टला ८२ अंशांच्या वर कधी गेलं नाही. आता एप्रिल लागल्यापासून मशीन लैच तापायलंय. दहा मिनिटांत १०० दाखवतंय, एक्स्पोर्टला उलट जास्त वेळ लागायलाय आणि दोनदा तर आपोआप रीस्टार्ट झालं. कॉम्प्युटर वर पत्र्याच्या खोलीत आहे. बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावलाय. पाण्याचा कूलर थेट त्याच्यासमोर ठेवू का? का वॉटर कूलिंगच घेऊन टाकू? बाबा म्हणतात, ती शेगडी बंद कर, जळून जाईल. लग्नसराई अंगावर आली आहे, लवकर सांगा."

सगळ्यात आधी आजच्या आज एक कर. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा, तुझी सेटिंग एका प्रोफाइलमध्ये जपून ठेव आणि मशीन डिफॉल्टवर आण. हातात घेतलेली लग्नं उरकून दे. लग्नसराईत मशीनवर प्रयोग करायचे नसतात. सप्तपदीचं फुटेज एक्स्पोर्ट होता होता मशीन बसलं, तर नवरीचा मामा तुझं ५.१ गिगाहर्ट्झ ऐकून घेणार नाही. पुढचं सगळं ज्या दिवशी तिथी नसेल त्या दिवशी.

आता दुखणं. ते तुझ्या पत्रातच आहे, "जानेवारीत" या एका शब्दात. परभणीच्या थंडीत ओव्हरक्लॉक करायचं आणि ते मे महिन्यात चालेल असं धरायचं, हे म्हणजे श्रावणात नाल्याला पाणी बघून उसाची लागण करण्यासारखं झालं. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा एक आकडी झाल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत छापून येते. तुझी खोली तेव्हा रात्री अठरा अंशांवर असेल. प्रोसेसर ८२. म्हणजे खोलीपेक्षा ६४ अंश वर.

ध्यानात ठेवायचा आकडा हा ६४ आहे, ८२ नव्हे. कूलर कोणताही असो, तो थंडी तयार करत नाही. चिपमधली उष्णता उचलून खोलीच्या हवेत टाकतो, एवढंच त्याचं काम. उष्णता तेवढीच, कूलर तोच, पंख्याचा वेग तोच असेल तर चिप खोलीपेक्षा साधारण तेवढीच वर राहणार. खोली वीस अंशांनी तापली की चिपही तेवढीच चढते. आता पत्र्याखाली दुपारी चाळीस धर. चाळीस आणि चौसष्ट, एकशे चार. तुझ्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथं पोचला की तो जळत नाही, स्वतःच वेग कमी करतो आणि कसाबसा त्या रेघेवर थांबतो. हेच थ्रॉटलिंग. एक्स्पोर्टला वेळ जास्त का लागतो याचंही उत्तर हेच. कागदावर ५.१ आहे, पण मशीन खाली-वर, खाली-वर करत त्याच्या बरंच खाली पळतंय. म्हणजे ओव्हरक्लॉक करून तू ते हळू केलंयस.

बाबांना सांग, जळणार नाही. शंभरच्याही पुढं काही झालंच तर प्रोसेसर मशीन सरळ बंद करून टाकतो. पण त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देऊ नकोस. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान दोन्ही मिळून वर्षानुवर्षं चाललं की चिप म्हातारी होते. काल ज्या व्होल्टेजवर चालायची त्यावर चालेनाशी होते. आणि ओव्हरक्लॉकिंगमुळं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

रीस्टार्टचं मात्र मला वेगळं वाटतं. निव्वळ तापण्याला चिप वेग पाडून आवरते, आणि तो पडतोच आहे; तेवढ्यानं रीस्टार्ट होत नाही. चिप गरम असताना तिला त्याच वेगासाठी थोडा जास्त व्होल्टेज लागतो. जानेवारीत ८२ वर जे १.३६ पुरत होतं ते शंभरावर काठावर आलं, आणि कुठंतरी एक हिशेब चुकला की रीस्टार्ट. एचडब्ल्यूइन्फो हे मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघड, यादीत अगदी तळाशी विंडोज हार्डवेअर एरर्सची ओळ आहे. तिथं शून्याऐवजी आकडा दिसला तर माझा अंदाज बरोबर. तिथं शून्यच असेल तर एसएमपीएसकडं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडं बघ. चांगल्या एसएमपीएसवर छापलेले वॉट ४० किंवा ५० अंशांच्या हवेत मोजलेले असतात. स्वस्तातल्यावर ते कोणत्या तापमानाला आहेत हे लिहिलेलंच नसतं, आणि तुझ्या पत्र्याखाली तोही घामाघूम झालेला आहे.

व्होल्टेजबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळी थंडाई विकत घ्यावी लागते, ही फुकट आहे. चिपमध्ये काम करताना जी उष्णता होते ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. तुझेच आकडे घेऊ. ५.१ ला १.३६. समज, तू ४.८ वर उतरलास आणि तुझी चिप १.२० वर चालली. वेगाचा फरक सहा टक्के. व्होल्टेजचा फरक तेरा टक्क्यांच्या वर, त्याचा वर्ग केला की अठ्ठावीस टक्के. दोन्ही गुणले की कळतं, तू सहा टक्के वेगासाठी छत्तीस टक्के जास्त उष्णता विकत घेतली होतीस. हाच हिशेब उलटा केला तर ५.१ वरून ४.८ वर येताना उष्णता सत्तावीस टक्के घटते. मग ते ६४ अंश सत्तेचाळीसच्या आसपास येतात. चाळीस अंशांच्या खोलीत सत्याऐंशी. थ्रॉटल नाही, रीस्टार्ट नाही, नवा खर्च नाही. थंड चिपमधून वाया जाणारा करंटही कमी होतो, त्यामुळं प्रत्यक्षात थोडं आणखी खाली येईल.

तुला वाटेल, काका म्हातारे झाले, वेग कमी करायला सांगतायत. अरे, मी सेलेरॉन ३००ए च्या काळातला माणूस. १९९८ ची ती चिप, ३०० मेगाहर्ट्झची. बस (बोर्डाशी बोलण्याची वाट) ६६ ची १०० केली की ४५० वर पळायची, आणि बऱ्याच जणांच्या तर व्होल्टेजला हातही न लावता. दीडपट वेग फुकट! ती चटक आमच्या पिढीची अजून गेली नाही. पण ते दिवस गेले. आता कंपनीच चिपमधला रस पिळून घेते आणि मग विकते. तुझा १२६००के एक-दोन कोरांच्या कामाला स्वतःहून ४.९ पर्यंत जातो, सगळे पी-कोर मिळून राबताना साडेचारच्या आसपास. आपल्यासाठी चिपाडात जे उरलं आहे ते एवढंच. ते काढायला हरकत नाही, पण मे महिन्याच्या दुपारी बसून काढायचं. त्या दुपारी जे टिकलं ते वर्षभर टिकतं.

तेव्हा मोकळ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, अशी सुरुवात कर. केसच्या पुढच्या पंख्याजवळ, हवा आत जाते तिथं, एक साधा थर्मामीटर ठेव. मोबाइलवरचं हवामान बघू नको, तो आकडा वेधशाळेच्या सावलीतला असतो, तुझ्या पत्र्याखालचा नव्हे. डिफॉल्टवर एक नेहमीचं एक्स्पोर्ट लाव आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिही. ही नोंद फार महत्त्वाची आहे, पुढचं सगळं हिच्याशी ताडून बघायचं आहे. मग बायोसमध्ये पॉवर लिमिटची जागा शोध. बऱ्याच झेड-६९० बोर्डांवर तिथं ४०९५ वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे मर्यादाच नाही, आओ जाओ घर तुम्हारा. इंटेलनं या चिपसाठी दिलेला टर्बोचा (जोरात पळतानाचा) आकडा १५० वॉट आहे. तू लांब पल्ल्याची आणि थोड्या वेळाची, दोन्ही लिमिट १५० वर बांध. मग पी-कोर ४८ वर (म्हणजे ४.८ गिगाहर्ट्झ) ठेव, ई-कोरांना (छोट्या कोरांना) आणि रिंगला (कोरांना जोडणाऱ्या वाटेला) हात लावू नको. व्होल्टेज ऑटोवर अजिबात नको, बोर्ड घाबरून गरजेपेक्षा जास्त देतो. १.२५ पासून सुरू कर, एकेका खेपेला ०.०२ नं खाली ये, आणि प्रत्येक खेपेला अर्धा तास सिनेबेंच ही टेस्ट चालव. मशीन अडखळलं किंवा ती हार्डवेअर एररची ओळ हलली की एक पायरी वर ये, आणि वर आणखी एक पायरी उन्हाळ्याच्या नावानं सोड. १.२० हा आकडा मी हिशेबासाठी घेतला होता. तुझी चिप १.१८ वर चालेल किंवा १.२४ मागेल, एकाच बाजारातली दोन कलिंगडं सारखी निघत नाहीत. लोडलाइन कॅलिब्रेशन (लोड आला की व्होल्टेज किती पडू द्यायचा ती सेटिंग) मधल्या पायरीवर राहू दे. वरच्या टोकाला नेलं की लोड सुटताना व्होल्टेज उसळी मारतो.

प्राइम९५ ही जड टेस्ट रात्रभर लावायची गरज नाही. त्यातली छोट्या एफएफटीची टेस्ट एव्हीएक्सवर (चिपच्या जड गणिताच्या सूचनांवर) चालते आणि तुझ्या कोणत्याही खऱ्या कामापेक्षा चिपला जास्त तापवते. ती बघून घाबरणारे बघितले आहेत, आणि ती पास झाली म्हणून छाती काढून फिरणारेही. तुझी खरी टेस्ट म्हणजे तीन तासांच्या लग्नाचं एक्स्पोर्ट. ते मे महिन्याच्या दुपारी ८५ ते ८८ मध्ये झालं तर मी समाधानी.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण विचारतो: एक्स्पोर्ट सॉफ्टवेअर एन्कोडिंगवर (सगळं काम कोरांकडून) करतोस की हार्डवेअर (व्हिडिओसाठीच्या वेगळ्या भागाकडून)? तुझ्या चिपच्या नावात शेवटी एफ नाही, म्हणजे आत ग्राफिक्स आहे, आणि त्यात क्विक सिंक नावाचा वेगळा भाग फक्त व्हिडिओच्या कामासाठी आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात, ते बायोसमधून चालू करावं लागतं. मग एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग निवड. त्याच बिटरेटला (दर सेकंदाला तेवढाच डेटा) चित्र किंचित कमी बारीक निघतं, म्हणून बिटरेट थोडा वाढवून दे, मांडवातल्या व्हिडिओत कुणाला फरक दिसणार नाही. पी-कोर तेव्हा जवळपास बसून राहतात. ओव्हरक्लॉकिंगनं जेवढा वेळ वाचवायला बघत होतास त्याच्या कितीतरी पट इथं वाचेल. हे आधीच सांगितलं असतं तर तू बाकीचं वाचलं नसतंस.

आता तुझे दोन प्रश्न.

पाण्याचा कूलर थेट समोर ठेवू नको. त्यानं खोली थंड होते हे खरं. आपल्याकडं एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याचा कूलर खोली दहा अंश सहज खाली आणतो, मुंबईत हे जमत नाही. आणि खोली दहानं उतरली की चिपही दहानं उतरते, हा हिशेब आता तुला येतोच. पण थेट झोतात बारीक तुषार असतात आणि तुझ्या कूलरात बोअरचं पाणी असणार. बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते घरातल्या घागरीच्या बुडाला बघ. तोच पांढरा थर बोर्डावर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि ओल धरली की त्यातून करंट वाट काढतो. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव, तोंड कॉम्प्युटरकडं नको, आणि समोरची खिडकी उघडी ठेव, नाहीतर दमट हवा आतच कोंडते आणि कूलरही निकामी होतो. अजून एक: लाइट गेली की कूलर बंद, पण यूपीएसवर तुझं मशीन चालूच. पत्र्याखाली खोली बघता बघता चढते. तेव्हा एक्स्पोर्ट थांबवायचं, यूपीएस आहे म्हणून रेटायचं नाही.

वॉटर कूलिंग तुला नको. तेही उष्णता शेवटी त्याच खोलीच्या हवेत टाकतं, खोलीच्या खाली ते जाऊच शकत नाही. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडे सुरेख दिसतात, आणि दुकानात तेवढंच दाखवतात. तीन तासांच्या एक्स्पोर्टला ती सुरुवातीची थंडी कामाला येत नाही. वर पंप ही आणखी एक बिघडणारी वस्तू. तुझ्या गावातून तो बदलून मिळायला किती दिवस लागतील, विचार कर. पैसे टाकायचेच असतील तर दोन टॉवरचा, दोन पंख्यांचा हवेचा कूलर घे. त्याच्यात बिघडण्यासारखं म्हणजे पंखा, तो कुठंही मिळतो. पण घ्यायच्या आधी केसची रुंदी मोज, हे मोठे कूलर झाकणाला लागतात.

झाकण काढून टेबल फॅन ही परीक्षा म्हणून उत्तम आहे, व्यवस्था म्हणून वाईट. झाकण काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी पडलं असेल तर चूक प्रोसेसरच्या कूलरची नाही, केसमध्ये हवा खेळत नाही. मग पुढं जाळीचे दोन पंखे आत घेणारे, मागं एक बाहेर टाकणारा, आणि झाकण परत लाव. आत घेणारे पंखे जास्त असले की केसच्या फटीफटीतून हवा बाहेर ढकलली जाते, धूळ आत ओढली जात नाही. आपल्या काळ्या मातीची धूळ कशी असते ते तुला सांगायला नको. त्यात परभणीकडं जिनिंगचे दिवस असले की कापसाचे बारीक तंतू उडत असतात. कूलरच्या पात्यांच्या मागं हे तंतू धुळीत मिसळून गोधडीसारखे बसतात, बाहेरून काही दिसत नाही आणि पंखा फिरत असतो. पंखा काढून मागून बघ. लग्नसराईत दर पंधरवड्याला फिल्टर झटक. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव, नाहीतर तो झोतानं भलत्याच वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं.

कूलर काढलासच तर पेस्ट नवी लाव. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून टाक. तुझ्या चिपचं झाकण लांबट आहे, तुरीच्या दाण्याएवढा ठिपका थोडा कमी पडेल, हरभऱ्याएवढा पुरतो, दाबानं तो आपोआप पसरतो. आणि नवा कूलर असेल तर बुडाला चिकटवलेली पारदर्शक पट्टी काढ. हसू नको. मी एका झेरॉक्सवाल्याचं मशीन त्या पट्टीसकट जोडून दिलं होतं. तीन दिवस बोर्डाला शिव्या घातल्या, चौथ्या दिवशी कूलर काढला तेव्हा पट्टीवर पेस्टचा सुंदर गोल उमटलेला. त्याच्याकडून मजुरी घ्यायला तोंड राहिलं नाही.

शेवटचं म्हणजे खोली. पत्र्यावर चुना मार, वर तुराट्या-पऱ्हाट्या टाक, फरक पडतो. पण तुमच्या घराचा जुना भाग माळवदाचा आहे का? बऱ्याच घरांत असतो, आणि त्यात बियाण्याची पोती पडलेली असतात. बाबांना विचार, एक कोपरा मिळतो का. जाड भिंती आणि वर हातभर माती. थर्मामीटर आधी पत्र्याखाली अर्धा तास ठेव, मग त्या खोलीत अर्धा तास, दुपारी तीनला. दोन आकड्यांत जेवढा फरक येईल तेवढा तुझ्या प्रोसेसरचा उतरला असं समज, कुठलाही कूलर न घेता. फक्त माळवदातून माती गळते, म्हणून वर एक जाड ताडपत्री ताणून बांध, मशीन जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेव, आणि पोत्यांमुळं उंदीर असणारच, तर मागच्या वायरी प्लॅस्टिकच्या पाइपात घालून घे.

वहीतले आकडे जून लागायच्या आत पाठव: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, व्होल्टेज, आणि एक्स्पोर्टची मिनिटं. पाऊस पडल्यावरचे नकोत.